प्रदर्शनाच्या दालनांपलीकडचे ग्वांगझू

दक्षिण चीनमधील ग्वांगझू हे शहर आपल्याकडील व्यापारी कुटुंबांना नवे नाही. 1957च्या वसंत ऋतूत सुरू झालेला तेथील ‘कॅन्टन फेअर’ दर वर्षी दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतो. यंत्रे, भांडी, दिवे, खेळणी, कापड अशा नाना मालाच्या सौद्यांसाठी महाराष्ट्र-गुजरातमधून कितीतरी मंडळी तेथे जाऊन येतात. परंतु विमानतळ, हॉटेल, पाझू बेटावरील प्रदर्शनाची अवाढव्य दालने, कारखानदाराशी दराची घासाघीस आणि परतीचे विमान, एवढ्यातच बहुतेकांचे ग्वांगझू संपते. 2020च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 87 लाख आहे. काचेच्या उंच इमारतींच्या या नगरीत मुंबईच्या आणि जैन समाजाच्या इतिहासाचेही एक पान दडलेले आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

ते पान प्रदर्शनाच्या दारापासूनच उलगडू लागते. दालनांच्या जवळच्या एका बागेत नऊ मजली, अष्टकोनी पाझू मनोरा उभा आहे. तो 1600 साली, म्हणजे मिंग राजवटीत, बांधून पूर्ण झाला. पर्ल नदीतून वर येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसे आणि बंदर जवळ आल्याची खूण पटे. त्याच बेटाच्या पूर्व टोकाला जुने हुआंगपू गाव आहे. इंग्रज त्याला ‘व्हाम्पोआ’ म्हणत. युरोपची आणि मुंबईची मोठी जहाजे येथेच नांगर टाकत आणि पुढचा माल लहान होड्यांतून शहरात जाई. आज तेथे अरुंद दगडी गल्ल्या, घराण्यांची पूर्वजमंदिरे आणि नदीकाठचा जुना धक्का पाहता येतो. दालनांतील गोंगाटानंतर तासाभराची शांतता हवी असेल, तर या गावासारखे ठिकाण नाही.

हुआंगपूजवळच चांगझू नावाचे बेट आहे. चिनी पर्यटक तेथे 1924मध्ये स्थापन झालेली प्रसिद्ध लष्करी अकादमी पाहण्यासाठी जातात. मुंबईच्या दृष्टीने मात्र तेथील एका टेकडीवरची पारशी दफनभूमी अधिक महत्त्वाची. जेथे दोखमा नाही, अशा परदेशात एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे पारशी व्यापारी ग्रॅनाइटच्या शिळांखाली चिरविश्रांती घेत आहेत.

ते इतक्या दूर का आले, याचे उत्तर शहराच्या पश्चिम भागात मिळते. पाझूहून मेट्रोच्या 8 क्रमांकाच्या मार्गाने ‘सांस्कृतिक उद्यान’ या स्थानकावर थेट उतरता येते. 1757मध्ये चीनच्या सम्राटाने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार या एकाच बंदरापुरता मर्यादित केला. 1842च्या नानजिंग तहापर्यंत तीच व्यवस्था टिकली. परदेशी व्यापाऱ्यांना नगराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या ‘तेरा हाँग’ नावाच्या वखारींतच राहावे लागे. बायकामुलांना सोबत आणण्याची मनाई होती आणि हंगाम संपला की मकावला परतावे लागे. डिसेंबर 1856मध्ये या वखारी आगीत भस्मसात झाल्या. उद्यानाच्या आवारात 2016मध्ये उघडलेले संग्रहालय आणि शेजारच्या रस्त्याचे नाव एवढीच त्यांची खूण उरली आहे. त्या रस्त्यावर आता तयार कपड्यांचा घाऊक बाजार भरतो आणि गाठोडी वाहणाऱ्या हमालांच्या गर्दीतून वाट काढताना मुंबईच्या मंगळदास मार्केटची आठवण होते.

या जुन्या व्यवस्थेतील एक गोष्ट बँकिंगशी संबंध असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे. प्रत्येक परदेशी जहाजाला एखादी हाँग पेढी जामीन राहत असे. जकातीची आणि जहाजावरील माणसांच्या वर्तनाची हमी तिच्याकडे असे. एखादी पेढी बुडाली तर तिचे परदेशी देणे उरलेल्या पेढ्यांनी मिळून फेडायचे आणि त्यासाठी व्यापारावरील पट्टीतून एक सामाईक निधी ठेवायचा, असा दंडक होता. 1829मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने बँकांसाठी सुरक्षा निधीचा कायदा केला, तेव्हा त्या योजनेचे जनक जोशुआ फोरमन यांनी ही कल्पना कॅन्टनच्या हाँग व्यापाऱ्यांवरून घेतल्याचे स्पष्ट सांगितले होते. आपल्याकडे 1 जानेवारी 1962पासून ठेव विमा आला आणि आज 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना त्याचे संरक्षण आहे. त्याचे एक मूळ असे या कपडेबाजाराखाली सापडते. दोषही तेथेच दिसतो. सर्वांची हमी आहे म्हटल्यावर परदेशी सावकार कमकुवत पेढ्यांनाही बेफिकीरपणे उधार देऊ लागले आणि त्या बुडाल्या की ओझे सचोटीच्या पेढ्यांवर पडे.

संग्रहालयात चहा, रेशीम, भरतकाम आणि चिनी मातीची भांडी यांची रेलचेल आहे. हा माल घेण्यासाठी मुंबईहून कापूस जाई, पण चहाची किंमत केवळ कापसातून भागत नसे. तिची भरपाई अफूने होई. बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यात होती आणि माळव्याची अफू खाजगी व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईमार्गे चीनला जाई. या व्यापारातील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक सर जमशेटजी जीजीभॉय यांचे. त्यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद, म्हणजेच शेठ मोतीशा. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि पालिताण्याची मोतीशा टूक यांमुळे हे नाव प्रत्येक जैन घरात आदराने घेतले जाते. 1834मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या पांजरापोळीशीही ते जमशेटजींच्या बरोबरीने जोडलेले आहे.

मुक्या जनावरांसाठी ज्यांनी हात मोकळा सोडला, त्यांची जहाजे याच नदीत येत होती. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’ स्पष्टपणे सांगितले आहे. तरीही ज्या मालाचा परिणाम हजारो मैल दूर, डोळ्यांआड होतो, तो वहीत केवळ पेट्यांचा आकडा होऊन राहतो. त्या काळी हा व्यापार हिंदुस्थानात कायदेशीर होता आणि कंपनी सरकार त्यावर महसूल घेत होते, हे खरे आहे. चीनमध्ये मात्र अफूला बंदी होती आणि मालाचा धनी ते जाणून होता. मोतीशांच्या दानाचे मोल त्यामुळे पुसले जात नाही, पण त्यांच्या चरित्रातून हा भाग गाळण्याचेही कारण नाही. मोतीशांचे निधन 1836मध्ये झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी सम्राटाचे आयुक्त लिन झेशू यांनी याच वखारींना वेढा घालून 20,000हून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि नदीच्या मुखाजवळ हूमेन येथे चुना-मिठाच्या खड्ड्यांत नष्ट केल्या. त्या पेट्यांत मुंबईकरांचा मालही होता. पुढचे अफूयुद्ध चिनी शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आपल्या पाठ्यपुस्तकांत मुंबईच्या त्यातील वाट्याचा उल्लेख सहसा येत नाही.

वखारींच्या जागेपासून जवळच शामियान हे छोटे बेट आहे. दुसऱ्या अफूयुद्धानंतर ते इंग्रज आणि फ्रेंचांना मिळाले. वडांच्या सावलीतील जुन्या बँका आणि वकिलातींच्या इमारती पाहण्यास अर्धा तास पुरतो.

त्यापेक्षा अधिक वेळ राखून ठेवावा तो हुआलिन मंदिरासाठी. सहाव्या शतकात समुद्रमार्गे भारतातून आलेले बोधिधर्म येथेच उतरले, अशी परंपरा आहे. मंदिराभोवती जेड या हिरव्या रत्नाचा बाजार आहे आणि झवेरी मंडळींचे पाय तेथे आपोआप रेंगाळतात. आत एका दालनात 500 ‘लुओहान’ मूर्ती ओळीने बसवल्या आहेत. मूळ मूर्ती सांस्कृतिक क्रांतीच्या काळात नष्ट झाल्या, आताच्या नंतरच्या. लुओहान म्हणजे अर्हत. नवकार मंत्राच्या पहिल्या पदातील ‘अरिहंत’ या शब्दाचे हे बौद्ध परंपरेतून चीनला पोहोचलेले भावंड होय. अर्थ वेगळे आहेत, पण नाव ऐकताच जैन यात्रेकरूला क्षणभर थांबावेसे वाटते.

राहता राहिला आहाराचा प्रश्न. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारात मांसाबरोबर कांदा-लसूण वर्गातील ‘पाच उग्र भाज्या’ही वर्ज्य असतात. त्यामुळे मंदिरांशी संबंधित शाकाहारी भोजनालये जैनांना बरीच सोयीची ठरतात. मात्र कमळकाकडी, अळकुड्या, बटाटा आणि आळिंबी तेथे सर्रास वापरतात, तेव्हा कंदमुळांचा त्याग सांगणारे वाक्य चिनी लिपीत लिहून जवळ ठेवावे. साध्या हॉटेलातील भाजीत कालवांचा रस किंवा डुकराची चरबी असू शकते. हुआंगपू गावातील दुधाची गोड खीर ओल्या आल्याच्या रसाने विरजलेली असते आणि ‘दुहेरी सायीचे दूध’ या नावाच्या पदार्थात अंड्याचा पांढरा बलक असतो. चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. एप्रिलच्या अखेरीस ग्वांगझूला सूर्य पावणेसातनंतर मावळतो, पण ऑक्टोबरच्या अखेरीस सहाच्या आतच. दालनांतून बाहेर पडेपर्यंत तेव्हा जेवणाची वेळ टळलेली असते, म्हणून त्या सत्राला जाताना दुपारचा डबा आणि खाखऱ्यांची चवड सोबत असलेली बरी.