बसणं कमी की व्यायाम जास्त? – आजी-आजोबांच्या निमित्ताने



आज मुलांबद्दल नाही, तर मुलांना शाळेत सोडायला येणाऱ्या आजी-आजोबांबद्दल लिहिते आहे. मागच्या पालकसभेत एका आईने विचारलं, "मॅडम, आमचे आजोबा सकाळी तासभर फिरून येतात, मग दिवसभर टीव्हीसमोर. तेवढा व्यायाम पुरे ना?" शेजारच्या ताई लगेच म्हणाल्या, "आमच्या सासूबाई व्यायाम म्हणून काही करत नाहीत, पण एका जागी बसतही नाहीत. झाडलोट, निवडणं, तुळशीला पाणी, सारखं चालूच." यातलं बरं कोणतं? सभेचा विषय शालेय पोषण आहाराचा होता, त्यामुळे प्रश्न तसाच राहिला. पण माझ्या डोक्यातून तो काही गेला नाही, कारण आमच्या घरातही तोच प्रश्न चालू होता.

आधी एक लक्षात घेऊया. व्यायाम न करणं आणि बसून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधं तिसरीचं गणित करा. माणूस दिवसाचे १६ तास जागा असतो. त्यातला एक तास चालला, तर उरले १५. त्या १५ तासांत तो काय करतो, हे आपण कधी मोजतच नाही.

याबाबतचा एक जुना अभ्यास शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. तो अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत जिना वर-खाली करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांची कंबर मुळातच जास्त निघाली. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. आपलंच उत्तर पुन्हा तपासायची ही सवय मला फार आवडते. आपल्या मुलांना ती कशी लावायची, यावर वेगळा लेख होईल!

आता पहिल्या आजोबांकडे येऊ. २०१६ साली दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात असं दिसलं की रोज साधारण ६० ते ७५ मिनिटं दमदार हालचाल करणाऱ्यांच्या बाबतीत, दिवसाचे आठ तास बसल्यामुळे मृत्यूचा वाढलेला धोका जवळपास नाहीसा होतो. टीव्हीसमोर रोज पाच तासांहून जास्त बसणाऱ्यांचा धोका मात्र कमी झाला, पण पुरता गेला नाही. आणि दमदार म्हणजे श्वास थोडा वाढेल असं चालणं बरं का. बागेतल्या बाकावर मित्रांशी राजकारणावर बोलण्यात गेलेला अर्धा तास यात धरायचा नाही. सत्तरीच्या माणसाला रोज सव्वा तास भरभर चालणं जमेलच असं नाही. मग त्याच्या हातात राहतं ते एकच, मधे मधे उठणं.

उठण्याने होतं काय? चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायला मदत करतात. मांड्यांचे मोठे स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर वापरतात. खुर्चीत बसलो की हे सगळं थंडावतं. जेवणानंतर थोडं चाललं तर साखर कमी चढते, हे आता तपासून सिद्ध झालंय. आपल्याकडे शतपावली हा शब्द किती आधीपासून आहे! शब्द टिकला, पावलं मात्र जेवणाच्या टेबलापासून सोफ्यापर्यंत उरली.

मग दुसऱ्या ताईंच्या सासूबाई जिंकल्या का? अर्ध्याच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की बसणं कमी करावं, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, आणि ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. वयाबरोबर स्नायू कमी होत जातात. झाडू मारून हात हलतो, पण जमिनीवरून उठायला, एसटीची उंच पायरी चढायला लागणारी मांडीची ताकद त्यातून पुरेशी मिळत नाही. घरात पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं कशाने होतं, हे आपण सगळ्यांनी आसपास पाहिलंय.

माझे सासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं उभ्याने नोकरी. निवृत्तीनंतर सगळे म्हणाले, आता आराम करा. दूध घरपोच यायला लागलं, नातवाला शाळेची व्हॅन लागली, वीजबिल मोबाईलवर. मागच्या गणपतीत आरतीनंतर ते पाटावरून उठले, ते दोघांचा आधार घेऊन. नंतर म्हणाले, गुडघा दुखतो. डॉक्टरांनी तपासलं तर गुडघा वयाच्या मानाने ठीक होता, मांड्या कमकुवत झाल्या होत्या. चार-पाच वर्षांत! सकाळचं फिरणं तर रोज चालूच होतं. त्यांना व्यायाम दिला तो इतका साधा की ते चिडलेच: खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं आणि पाचव्याला हात टेकला. आता सलग दहा होतात. पाटावर बसायला अजून का-कू करतात.

याच दरम्यान मी चौथीच्या मुलांना रविवारचा एक उपक्रम दिला. दुपारी चार ते सहा आजी-आजोबा किती वेळा जागेवरून उठले, ते ताळ्याच्या खुणांनी मोंदवायचं. ताळ्याच्या खुणांचा सरावही झाला. एकाने लिहिलं, "आजी २३ वेळा. आजोबा १ वेळा, लघवीला." वर्गात हशा पिकला. पण एका मुलीची वही मी बाजूला ठेवली. तिने खुणांच्या खाली लिहिलं होतं, "आजोबा पाणी प्यायला उठत होते, पण आई म्हणाली तुम्ही बसा, मी आणते. असं तीन वेळा झालं."

पालकहो, ही त्या आईवरची टीका नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला "बसा" म्हणणं हाच आदर. सुनेने सासऱ्यांना पाणी आणायला उठू दिलं तर आलेला पाहुणा काय म्हणेल, हीदेखील भीती असते. तरी मला वाटतं, घरातलं एखादं काम त्यांचंच राहू द्यावं. पाणी भरणं, कपडे वाळत घालणं, नातवाला आणायला जाणं. गेल्या महिन्यापासून आमच्याकडे संध्याकाळची व्हॅन बंद केली. तात्या चालत जातात.

थोडी काळजी मात्र हवी. उठण्याच्या व्यायामाला प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून घ्या. एका पायावर उभं राहायचा सराव स्वयंपाकाच्या ओट्याला धरून करावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, क्षणभर खुर्चीच्या कडेला बसून मग उठावं. हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्या शाळेतला आजी-आजोबा दिवस आठवा. शाल, नारळ आणि दोन तास खुर्चीत भाषणं! यंदा आम्ही भाषणं दोनच ठेवली आहेत. बाकीचा वेळ आजी मुलींना फुगडी आणि भोंडल्याचा फेर शिकवणार आहेत, आणि आजोबांकडे लगोरी दिली आहे. लगोऱ्या वाकून रचायच्या कुणी, यावरून दोन आजोबांचा वाद आत्ताच सुरू झालाय.