शिरोरेघ शेवटी

"शिरोरेघ शेवटाला वडायची, पोरा. आदी अक्षरं उभी ऱ्हाऊ देत."

१९८८ च्या मे महिन्यात, दहावीचा निकाल लागायच्या आधी, महाद्वार रोडवरच्या एका कापडदुकानाबाहेर शिडी धरून उभा असताना हे मी पहिल्यांदा ऐकलं. वर चढलेल्या माणसाला सगळे 'पेंटर' म्हणत, मी काका म्हणायचो. कोल्हापुरात पेंटर ही पदवीच आहे. पडदे रंगवणाऱ्या, स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढणाऱ्या बाबूराव मिस्त्रींना गावानं बाबूराव पेंटर केलं आणि तेच नाव इतिहासात राहिलं. काकांनी मात्र आयुष्यभर दुकानांच्या पाट्या लिहिल्या.

त्यांची तयारी पाहण्यासारखी असे. खडूच्या पुडीत घोळवलेला दोरा दोन्ही टोकांना ताणायचा, मधून चिमटीत उचलून सोडायचा. फळीवर पांढरी रेघ उमटायची. उजव्या हाताच्या मनगटाखाली आडवी काठी, ब्रशमधला जादा ऑइलपेंट डब्याच्या काठावर निपटून टाकलेला. मग त्या रेघेखाली एकेक अक्षर सोडत जायचे, माथा मोकळा ठेवून. रेघ आधी का नाही ओढत, असं मी विचारलं. ते म्हणाले, ओल्या रेघेत अक्षराचा दांडा घुसला की सांध्यावर गाठ येते. आणि अक्षर किती जागा घेणार, ते लिहिल्याशिवाय कळत नाही. सगळा शब्द झाला की श्वास रोखून डावीकडून उजवीकडे एकच रेघ. इतका वेळ सुटी सुटी उभी असलेली अक्षरं त्या क्षणी एकमेकांचा हात धरायची. मला दर वेळी अंगावर काटा यायचा.

त्या वयात मी दीनानाथ दलालांनी झपाटलेला होतो. १९४५ साली त्यांनी सुरू केलेल्या 'दीपावली'चे जुने अंक रद्दीच्या दुकानांतून शोधून आणायचो आणि त्यांच्या चित्रांतल्या बायकांचे डोळे, मानेची वळणं, सपाट झळझळीत रंग रात्र रात्र गिरवायचो. हात चांगला बसला होता. पुढे कलाशिक्षणासाठी गेलो तेव्हा एका परीक्षकांनी माझी चित्रं बाजूला सारली. "हे दलाल आहेत. तू कुठे आहेस?" म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, पण मी मोडलो. घरी परतलो आणि चार महिने ब्रश हातात धरला नाही.

काकांनी समजूत काढली नाही. एका रविवारी सायकलवर डबलसीट घेऊन टाउन हॉलच्या संग्रहालयात गेले आणि आबालाल रहिमानांच्या निसर्गचित्रांपुढे मला उभं केलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आबालाल कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत ते इथलीच तळी, इथलेच घाट रंगवत राहिले. काका बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "ह्यो माणूस रोज त्याच पाण्याकडं जात असणार."

बाहेर आल्यावर त्यांनी हँडमेड कागदाचे दोन ताव घेऊन दिले. पाट्यांची कामं तेव्हा आठवड्याला दोन मिळाली तरी पुष्कळ. ते पैसे मी कधी फेडले नाहीत. आज कितीही दिले तरी ते फिटणार नाहीत.

मी रंकाळ्यावर जाऊ लागलो. संध्यामठासमोरच्या एकाच पायरीवर, पहाटे साडेपाचला. पहिली कित्येक चित्रं वाया गेली, कारण मी आधी पाण्याची कड आखायचो आणि मग ती रंगांनी भरायचो. कागद ओला, रंग कडेबाहेर पसरायचा, सगळं गढूळ. एका सकाळी हात आपोआप थांबला. कड काढलीच नाही. आभाळ, मठाची सावली, म्हशी, धुणं, सगळं सुटं सुटं ठेवलं, मधे कोरा कागद सोडला. वाळू दिलं. मग श्वास रोखून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याची एकच रेघ ओढली.

माझी चित्रं आता लोक सहीशिवाय ओळखतात. पाण्याच्या त्या एका रेघेवरून ओळखतात. तिला माझी शैली म्हणतात तेव्हा मला महाद्वार रोडवरची ती शिडी आठवते.

पुढे फ्लेक्स आले आणि काकांची कामं थांबली. रिक्षांचे नंबर, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, एवढंच उरलं. हात कापायला लागल्यावर तेही गेलं. माझ्या पहिल्या प्रदर्शनाला नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन आले. चित्रांची नावं, किमती काही वाचलं नाही. रंकाळ्याच्या चित्रापुढे थांबले, थरथरतं बोट काचेवर टेकवलं आणि त्या रेघेवरून शेवटपर्यंत नेलं. उजव्या टोकाशी ती किंचित बारीक झाली होती, तिथे बोट थांबलं.

"हितं सोडलास व्हय रं श्वास?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."