डिफरन्स

माझ्या पायाचा आणि फुटबॉलचा संबंध आयुष्यात एकदाच आला. आठवीत असताना मोठ्या मुलांचा चेंडू घरंगळत माझ्यासमोर आला, 'मार, मार' असा गिल्ला झाला आणि मी डोळे मिटून लाथ मारली. डोळे उघडून पाहतो तो चेंडू जागच्या जागी होता आणि उजव्या पायातली चप्पल हेडमास्तरांच्या खिडकीतून आत गेली होती. त्यानंतर मी कॉमर्सला गेलो. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली बावीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून पलीकडच्या जगाला 'सर्व्हर डाऊन आहे' एवढीच बातमी देत आलो.

अशा माणसाने स्कॉटलंडात जाऊन, थंडीत कुडकुडत, एका हरणाऱ्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडावं, याला कारण माझा मेहुणा. तो डंडीच्या विद्यापीठात पेशींवर संशोधन करतो. २०२५च्या ऑक्टोबरात त्याच्या मुलाचं बारसं निघालं. नाव ठेवायला आत्या लागते आणि बॅगा उचलायला आत्याचा नवरा लागतो, म्हणून आम्ही दोघंही गेलो. तिकिटं त्याने काढली, रजा मी काढली आणि मेतकूट व डिंकाचे लाडू हिने बांधून घेतले.

बारसं झाल्यावर त्या घरात मला काम उरलं नाही. नणंद-भावजय बाळाभोवती, मेहुणा पेशींभोवती. मी बागेच्या कुंपणाशी उभा राहून ऊन येण्याची वाट पाहत असे. स्कॉटलंडात हे काम पुष्कळ वेळ पुरतं. तिथेच शेजारच्या आजोबांची गाठ पडली.

आजोबा शहात्तर वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'सन' म्हणून हाक मारली. सत्तेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर मोजून जुळतील एवढेच केस उरले असताना, कोणी 'बाळ' म्हटलं की माणूस विरघळतोच. दर दोन वाक्यांनी ते 'आय' म्हणत. 'आय' म्हणजे तिकडे 'हो', हे कळेपर्यंत मला वाटत होतं की बिचाऱ्यांना या वयातही आईची फार आठवण येते.

भारतीय माणूस दिसला की तिकडची मंडळी क्रिकेटचं विचारतात. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. आजोबांनी विचारलं, "तुमचा तो सलीम माहीत आहे ना?"

मला एकच सलीम माहीत होता, अनारकलीचा. आजोबांचा सलीम वेगळा निघाला. मोहम्मद सलीम हा कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा खेळाडू. १९३६ साली तो ग्लासगोला गेला आणि सेल्टिकसारख्या बड्या क्लबमध्ये त्याची परीक्षा झाली. अडचण एकच होती. हा गडी बूट घालत नसे. पायांना पट्ट्या बांधून अनवाणीच खेळे. मी तिथे दोन मोज्यांवर बूट चढवूनही बोटं शाबूत आहेत की नाही हे तपासत होतो, आणि हा मनुष्य अनवाणी दोन सामने खेळला व लोकांना वेड लावून गेला. क्लब ठेवून घ्यायला तयार होता. पण घरची आठवण येते म्हणून सलीम कलकत्त्याला परतला. "शहाणा होता," आजोबा म्हणाले. "इथे राहिला असता तर हरायची सवय लागली असती."

हरण्याचा विषय निघाला की आजोबा खुलत. आपल्याकडे सेवानिवृत्त माणूस आजारांची यादी सांगतो तशी ते स्कॉटलंडच्या पराभवांची यादी सांगत. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. तोही एका क्रिकेट क्लबाच्या मैदानावर, आणि ०–० असा सुटला. इथवर सगळं ठीक होतं. पण १९५४ ते १९९८ या काळात स्कॉटलंड आठ वेळा विश्वचषकात खेळला आणि आठही वेळा पहिल्याच फेरीतून परत आला. १९७४ साली तर एकही सामना न हरता परत आला! ब्राझील, युगोस्लाव्हिया आणि स्कॉटलंड यांचे गुण सारखे झाले आणि गोल डिफरन्सवर स्कॉटलंड बाहेर.

'डिफरन्स' हा शब्द ऐकताच मी कान टवकारले. संध्याकाळी कॅश जुळत नाही तेव्हा या शब्दाने माझी भूक मेली आहे, लोकल चुकली आहे आणि घरचं जेवण गार झालं आहे.

"१९७८ला काय झालं?" मी विचारलं.

"अर्जेंटिना!" आजोबांनी टोपी काढली. त्या वर्षी मॅनेजर अ‍ॅली मॅक्लाऊड यांनी देशाला अशी काही आशा लावली होती की संघ निघण्यापूर्वीच हजारो लोक त्याला निरोप द्यायला हॅम्पडेन पार्कवर जमले. मग पेरूकडून १–३ अशी हार आणि इराणशी १–१ अशी बरोबरी. शेवटचा सामना हॉलंडशी, आणि तो तीन गोलांच्या फरकाने जिंकायला हवा होता. आर्ची गेमिलने तिघांना चकवून असा गोल केला की ३–१ झाले. आणखी एकच गोल! तेवढ्यात हॉलंडने एक गोल केला. स्कॉटलंड ३–२ने जिंकला आणि घरी आला. कारण? गोल डिफरन्स. १९८२लाही तेच, सलग तिसऱ्यांदा! आमच्या बँकेत सलग तीन वेळा डिफरन्स निघाला असता तर इन्स्पेक्शन लागलं असतं.

डंडी गावाची फुटबॉलची तऱ्हा तर आणखी न्यारी. गावात मोठे क्लब दोन, डंडी आणि डंडी युनायटेड. दोघांची मैदानं एकाच रस्त्यावर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. भाऊबंदकीत भिंत घातलेल्या वाड्यासारखी. १९८३ साली युनायटेडने लीग जिंकली ती डंडीच्या मैदानावर, डंडीलाच २–१ने हरवून. म्हणजे भावाच्या अंगणात उभं राहून आपल्या मुलाचे पेढे वाटण्यासारखं. याच युनायटेडने १९६६ आणि १९८७ मध्ये मिळून बार्सिलोनाला चारदा गाठलं आणि चारही वेळा हरवलं. पण आजोबांना त्याहून अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा. १९८७ साली युएफा कपाच्या अंतिम सामन्यात युनायटेड स्वतःच्या मैदानावर गोथेनबर्गला अडवू शकला नाही, कप स्वीडनला गेला, आणि युनायटेडच्या प्रेक्षकांनी उभं राहून जिंकणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल 'फिफा'ने त्या प्रेक्षकांनाच फेअर प्लेचं पारितोषिक दिलं. ज्या देशात खेळाडूंपेक्षा प्रेक्षकांना बक्षीस मिळतं तो देश मला आपला वाटू लागला.

"मग तुम्ही डंडीचे की युनायटेडचे?" मी विचारलं.

"छे! मी आर्ब्रोथचा."

आर्ब्रोथ हे डंडीपासून रेल्वेने वीसेक मिनिटांवरचं समुद्रकाठचं गाव, आजोबांचं जन्मगाव. तिथल्या क्लबने १२ सप्टेंबर १८८५ रोजी बॉन अ‍ॅकॉर्ड नावाच्या संघाला ३६–०ने हरवलं. ही मंडळी मुळात क्रिकेटवाली होती आणि चुकून बोलावली गेली, अशी दंतकथा आहे. गंमत म्हणजे त्याच दिवशी डंडी हार्प संघाने डंडीत अ‍ॅबरडीन रोव्हर्सला ३५–०ने हरवलं. असं सांगतात की पंचांच्या वहीत ३७ गोल होते, पण हार्पच्याच चिटणीसाने 'साहेब, माझ्याकडे ३५च भरतात' म्हणून दोन गोल परत केले. हातात आलेला विक्रम एका गोलाच्या डिफरन्सने गेला! जास्त आलेली रक्कम परत करणाऱ्या त्या चिटणीसाला मी मनोमन नमस्कार केला. असा कॅशियर आमच्या शाखेत हवा.

पुढच्या शनिवारी आजोबांनी मला आर्ब्रोथला नेलं. गेफील्ड पार्क हे मैदान समुद्राला इतकं लागून आहे की भिंतीपलीकडे थेट उत्तर समुद्र. वारा असा की गोलकीपरने पुढे मारलेला चेंडू हवेत थबकला, त्याने क्षणभर विचार केला आणि मंजुरीसाठी वर गेलेल्या आमच्या फायलीसारखा जिथून निघाला तिथेच परत आला. आजोबांनी माझ्या हातात बोव्हरिलचा वाफाळता पेला दिला. ते गोमांसाच्या अर्काचं पेय आहे असं कळल्यावर मी ते प्यालो नाही, पण पेला दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. न पिता इतकं उपयोगी पडलेलं दुसरं पेय मला माहीत नाही.

मध्यंतरात अर्धं पब्लिक उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघालं. मला वाटलं, कंटाळून घरी चालले. तसं नव्हतं. संघाने बाजू बदलली की आपल्या माणसांचा गोल जवळून दिसावा म्हणून तेही बाजू बदलतात. त्या दिवशी गोल झाला, पण तो आम्ही सोडून आलेल्या टोकाला झाला. पाहुणे १, आर्ब्रोथ ०.

आजोबा कठड्यापाशी एका ठरावीक जागी उभे होते. शेजारची एक जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. मी तिथे सरकणार तेवढ्यात त्यांनी हळूच माझा कोट ओढला. "इकडून ये, सन. ती तिची जागा." मी निमूटपणे दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

आर्ब्रोथचे खेळाडू वर्षानुवर्षं अर्धवेळ खेळाडू आहेत. आठवडाभर नोकरी, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. अशा नोकरदारांचा हा संघ २०२१–२२च्या मोसमात देशातल्या दुसऱ्या पायरीवर दुसरा आला आणि सर्वोच्च लीगच्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता. पुढे काय झालं ते सांगायला नको. उंबऱ्यावर ठेच लागली.

दुसऱ्या अर्ध्यात एक राखीव खेळाडू रेषेबाहेर धावत अंग गरम करत होता. आमच्यासमोर येताच तो थांबला. "गेल्या शनिवारी कुठे होतात? आमच्या गोळीचं काय?"

आजोबांनी खिशातून पेपरमिंटची पांढरी गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "गुडघा दुखत होता रे."

"गोळी नाही मिळाली, म्हणून हरलो आम्ही."

"आणि मिळते तेव्हा काय दिवे लावता?"

पोरगा हसला. त्याने रिकाम्या जागेकडे एक क्षण पाहिलं, कठड्यावर दोन बोटं टेकवली आणि पळत गेला. मागाहून कळलं, ती गोळी देण्याची पद्धत आजीबाईंची. वीस वर्षं त्या कठड्यापाशी जो येईल त्याला गोळी देत. खेळाडू बदलले, पण गोळी चालू राहिली.

सामना संपल्यावर तोच पोरगा ओले केस घेऊन बाहेर आला आणि आजोबांचा गुडघा पाहू लागला. तो आठवडाभर इलेक्ट्रिशियनचं काम करतो. मी बँकेत आहे म्हटल्यावर माझ्याकडे सही मागण्याऐवजी त्याने घरकर्जाचा व्याजदर विचारला. आमचा दर ऐकून त्याने मला इतक्या सहानुभूतीने निरोप दिला की पराभव माझाच झाला होता असं वाटावं.

परतीच्या गाडीत मी आजोबांना विचारलं, "इतकं हरतात, तरी तुम्ही का जाता?"

"जिंकणाऱ्याला बघायला सगळं जग येतं, सन. माझी वाट आर्ब्रोथच बघतं." थोडं थांबून ते म्हणाले, "तुझ्या सलीमचं पुढचं सांगितलंच नाही मी."

सलीम म्हातारा झाला, आजारी पडला. तेव्हा त्याच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहून उपचारांसाठी मदत मागितली. खरं तर त्याला पैसे नकोच होते. आपला बाप तिथे कोणाला आठवतो का, एवढंच त्याला पाहायचं होतं. क्लबचं उत्तर आलं आणि सोबत शंभर पौंडांचा बँक ड्राफ्ट. मुलाने तो वटवला नाही, जन्मभर जपून ठेवायचा म्हणून ठेवून दिला.

बावीस वर्षांत मी ड्राफ्ट हजारोंनी हाताळले असतील. मुदत संपलेला ड्राफ्ट म्हणजे रद्दी, असं नव्या पोरांना शिकवतही आलो. त्या गाडीत मात्र मी खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहत गप्प बसलो.

रजा संपली, आम्ही परतलो. १८ नोव्हेंबर २०२५च्या रात्री स्कॉटलंडने हॅम्पडेनवर डेन्मार्कला ४–२ने हरवलं आणि १९९८नंतर प्रथमच विश्वचषकात जागा मिळवली. मेहुण्याच्या फोनवरून आजोबांचा निरोप आला : "आय, सन! आता डिफरन्स काढायला तयार राहा."

त्याच महिन्याच्या अखेरीची गोष्ट. आमच्या काउंटरवर दर एक तारखेला एक निवृत्त मास्तर येतात. नोटा तीनदा मोजतात, 'बरंय' म्हणतात आणि जातात. अकरा वर्षं येताहेत. त्यांच्या खात्यातली शिल्लक मला पैशापर्यंत ठाऊक, पण घरात कोण आहे ते ठाऊक नव्हतं. या नोव्हेंबरात एक तारखेला ते आले नाहीत, आणि हे माझ्या लक्षात आलं होतं. आले ते एकदम महिनाअखेरीला.

"मास्तर, एक तारखेला दिसला नाहीत?"

मास्तरांचा चेहरा पडला. "का हो? पेन्शन अडकली का? हयातीचा दाखला आणलाय मी!"

"दाखल्याचं नाही हो. नुसतं विचारलं."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. बँकेत नुसतं कोणी काही विचारत नाही. मग काउंटरला कोपर टेकून म्हणाले, "न्हाणीघरात पडलो होतो. एकटाच असतो ना." पुढची दहा मिनिटं ते बोलत होते, मी नोटा मोजत 'हो, हो' म्हणत होतो आणि मागची रांग खाकरत होती. जाताना त्यांनी खिशातून लिमलेटची एक गोळी काढून माझ्या स्टॅम्पपॅडवर ठेवली.

संध्याकाळी कॅश जुळेना. शंभर रुपये कमी. तीनदा मोजली, चारदा मोजली आणि शेवटी खिशातून शंभर रुपये भरून टाकले. घरी पोचलो तेव्हा जेवण गार झालेलं.

"इतका उशीर?" हिने विचारलं.

गोळी गालात सरकवत मी म्हटलं, "गोल डिफरन्सवर हरलो."