पाण्याखालची चाकरी

रणांगणावरील पराक्रमाच्या कथा आपण आवडीनें ऐकतों; पण ज्याच्या चाकरीचा पहिला नियमच मौन, त्याची हकीकत घरच्यांनाहि ठाऊक नसते. पाणबुडीवरील नौसैनिकांचें असेंच आहे. बोट कोठें गेली, किती दिवस पाण्याखालीं राहिली, हें बोलावयाचें नाहीं अशी शिस्त. आणि पुढें निवृत्तीनंतर, सांगण्यास हरकत उरली नाहीं तरी, न बोलण्याची संवय सुटत नाहीं.

आपल्या आरमारांत पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजीं दाखल झाली, तीहि दूर, त्या वेळच्या सोव्हिएत संघांतील रीगा बंदरांत. पुढच्याच वर्षीं 'खांदेरी' आली. अलिबागसमोरच्या ज्या बेटावर १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधास न जुमानतां तट बांधविला, त्याचेंच हें नांव. ती बोट १९८९ सालीं निवृत्त झाली. २०१९ सालीं माझगांवच्या गोदींत बांधलेल्या नव्या पाणबुडीस तेंच नांव मिळालें. आरमाराची ही रीत चांगली आहे. परंतु रशियन भाषा शिकून त्या पहिल्या बोटींवर चढलेले विशी-पंचविशीचे तरुण आज ऐंशीच्या घरांत आहेत, आणि त्यांच्या आठवणींची जबाबदारी मात्र कोणावरच नाहीं.

विशाखापट्टणास समुद्रकांठीं 'कुरसुरा' ही पाणबुडी ठेविली आहे. १९६९ ते २००१ पर्यंत चाकरी करून २००२ सालीं तिचें संग्रहालय झालें. आम्हीं ती आंतून पाहिली. लांबी सुमारें ९१ मीटर. पण एका कप्प्यांतून दुसऱ्यांत जातांना वाटोळ्या दारांतून अंग चोरून जावें लागतें. सुमारें ७५ माणसें तेथें राहत. गोडें पाणी मोजून मिळे. जेथें टॉर्पेडो, तेथेंच निजावयाच्या फळ्या. निवृत्त नौसैनिकच तेथें माहिती सांगतात. आम्हांस बोट दाखविणाऱ्या गृहस्थांनीं यंत्रांची माहिती दिलीच. पण वरतीं आल्यावर पहिला मोकळा वारा अंगावर घेतांना कसें वाटे, हें त्यांनीं सांगितलें, तें कोणत्याहि फलकावर लिहिलेलें नाहीं.

साधें जहाज बुडालें, तर बहुधा कोणी ना कोणी वांचतो व घडलेलें सांगतो. पाणबुडी गेली कीं पुष्कळदां सर्वच जातात. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या व साडेतीन हजारांवर माणसें अशीं गेलीं; मागें राहिलेल्या सोबत्यांनीं मग बोटीगणिक स्मारकें उभारलीं. १२ ऑगस्ट २००० रोजीं रशियाची 'कुर्स्क' बुडाली व ११८ जण गेले. त्यांपैकीं २३ जण मागच्या नवव्या कप्प्यांत कांहीं काळ जिवंत होते. दिमित्री कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्यानें अंधारांत, चांचपडत, त्या सर्वांचीं नांवें कागदावर लिहिलीं आणि पत्नीस निरोप लिहिला. तो कागद पुढें त्याच्या देहापाशीं सांपडला. तशा वेळींहि त्याला सोबत्यांची हजेरी लिहून ठेवावीशी वाटली!

आणि आपल्या घरांतून काय होतें? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत काका वारले. त्यांचीं पदकें चौकटींत घालून दिवाणखान्यांत लागलीं. पण नोकरीचे कागद, पत्रें व रशियन शिकतांनाची वही दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाल्याकडे गेली. कोणाच्या मनांत वाईट नव्हतें. तीं काय आहेत हें विचारावयास कोणास सुचलें नाहीं, एवढेंच.

ज्यांच्या घरीं असे वडील माणूस आहेत, त्यांनीं एक दुपार काढावी. फोटोंच्या मागें नांव, बोट व साल लिहावें. गुप्त तें विचारूं नये. कोणत्या कप्प्यांत काम, जेवण काय, शेजारीं कोण, एवढें विचारावें. नातवाच्या खिशांतील फोनवर आवाज उतरवून घ्यावा. घरांतील बायकांनाहि विचारावें; महिनोन् महिने पत्र नसतां संसार कसा चालला, ही हकीकत त्याच चाकरीचा भाग आहे. मूळ कागद सुती कापडांत, ओल लागणार नाहीं अशा जागीं ठेवावे आणि प्रत एखाद्या संग्रहालयास द्यावी. हें काम पुढच्या दिवाळीवर टाकण्यासारखें नाहीं.