आधी काठी, मग पाऊल

चि. भाच्यास,


पहिल्या पावसात बोरिवलीची मित्रमंडळी घेऊन तू वांगणीला उल्हास नदीत उतरून गळ टाकायला जाणार, असं ताई फोनवर म्हणाली. अरे, वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागले की तिकडची जाणती माणसंही ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर उभी राहून मासे धरतात. हा बेत दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर कर. खंडाळ्याच्या डोंगरातला पाऊस नदीत उतरतो तेव्हा वांगणीला ऊनही असू शकतं. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली होती. तशा पाण्यापुढे आधाराच्या काठीचाही इलाज चालत नाही.

जाशील तेव्हा छातीइतक्या उंचीची भरीव बांबूची काठी घे. तिची दोरी ओढताच सुटेल अशा गाठीने कमरेला बांध. मनगटात फास नको. गमबूटही नकोत, त्यांत पाणी भरतं.

पाण्यात तोंड धारेकडे ठेव. काठी पुढे, वरच्या अंगाला रोव, तिच्यावर थोडा रेल आणि आडवा सरक. काठी आणि दोन पाय, या तिघांपैकी एका वेळी एकानेच हलायचं. पाऊल तळालगत सरकव. शेवाळलेला गोटा डगमगतो का, ते आधी काठीने चाचप. पायाशी धावणाऱ्या पाण्याकडे टक लावू नकोस, गरगरतं.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणून ओढ गुडघ्याच्या वर जाणवली, काठी थरथरू लागली किंवा तळ लागेना, की धारेकडे पाठ न करता तसाच मागे ये.

पडलासच तर दोरी ओढून काठी सोड. उताणा हो, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेव, हात मारत काठाकडे सरक. ओढीत उभा राहू नकोस. दगडांच्या फटीत पाय अडकला तर पाणीच माणसाला खाली दाबतं.

हाती काठी आली की धीर येतो आणि त्या धिरावर माणूस चार पावलं जास्त जातो. मला भीती त्याचीच आहे. कुठे थांबायचं ते सांगणं हे काठीचं खरं काम. ती सांगेल तिथे थांब, समोरच्या डोहात मरळ उसळली तरी.

एकट्याने उतरू नकोस. एकजण दोर घेऊन काठावर असू दे, आणि उतार कुठे आहे ते गावातल्या माणसांना आधी विचार. तुझी हौस मोडायची नाही मला. साठीतही तू गळ घेऊन नदीवर जावंस, एवढंच मागणं आहे.

तुझा,
मामा