दप्तर आणि वहिवाट

महसूल खात्याच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला बदलीचे भय सहसा उरत नाही. बाडबिस्तरा बांधावा, जुन्या जागी कार्यभार सोपवावा, नव्या जागी तो स्वीकारावा, दप्तराची यादी ताडून पाहावी आणि खाली सही करावी, एवढ्याने एका तालुक्याचा माणूस दुसऱ्या तालुक्याचा होतो, अशी माझी समजूत होती. म्हणून कन्येने स्वतःकरिता नवा आयफोन घेऊन आपला वापरलेला जुना मजकडे वर्ग केला, तेव्हा अँड्रॉइडच्या अंमलाखालून निघून ॲपलच्या अंमलाखाली जाणे हेही त्याच जातीचे एक स्थलांतर असणार, असे मी गृहीत धरले. दप्तर खरोखरच एका संध्याकाळी हलले. वहिवाट अद्याप हलायची आहे.

दूरध्वनी या वस्तूचा माझ्या आयुष्यातील प्रवेश सरकारी दारानेच झाला. सातारा जिल्ह्यातील एका कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा मामलेदारसाहेबांच्या मेजावर जे काळे, जड आणि चकतीविरहित यंत्र असे, त्याला साहेबांच्या गैरहजेरीत हात लावण्याची मुभा फक्त अव्वल कारकुनास होती. आणि त्यानेही रिसीव्हर उचलून ऑपरेटरकडे ट्रंक कॉल नोंदवावा व ‘साधा, अर्जंट की लायटनिंग?’ या प्रश्नाला खर्चाचा अंदाज घेऊनच उत्तर द्यावे, असा शिरस्ता होता. घरी यंत्र हवे असेल तर अर्ज करून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत पडून राहावे लागे. पुढे १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने घडवलेली लहान एक्स्चेंजे खेडोपाडी पोहोचली, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ चौकाचौकांत उभे राहिले, आणि रात्री दर उतरल्यावर तेथील रांगेत उभा राहून मी मुंबईच्या थोरल्या बंधूंशी, एक डोळा मीटरच्या तांबड्या आकड्यांवर ठेवून, कौटुंबिक मसलती करू लागलो. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून या देशातील भ्रमणध्वनीचा प्रारंभ केला, तेव्हा ते वृत्त मी परराष्ट्रांतील बातम्या वाचाव्यात तितक्याच तटस्थपणे वाचले. कारण ज्या यंत्रावर दुसऱ्याने आपणांस हाक मारली तरी पैसे आपल्यालाच मोजावे लागत, ते कारकुनाच्या संसारात कोठून येणार?

आले ते नोकिया ११००, म्हणजे २००३ नंतरच. त्याच्या माथ्यावरील बारीक दिव्याने भारनियमनाच्या काळात आमच्या घराची जी सेवा केली, ती मोजायची तर संभाषण हा त्या यंत्राचा दुय्यम उपयोग ठरेल. परंतु मला आज त्याचे स्मरण होते ते पाचाच्या कळीवरील उंचवट्यामुळे. त्या एका उंचवट्याच्या आधारे अंगठा काळोखातही सगळ्या कळा ओळखी, आणि रोमन लिपीतील आमची ओबडधोबड मराठी डोळ्यांची साक्ष न काढता लिही. यंत्रापाशी हाताची स्वतंत्र अशी काही स्मृती साठते, आणि ती आपल्या इच्छेवर अवलंबून नसते, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती.

अँड्रॉइड आले तेव्हा उंचवटे गेले आणि काच आली. त्या व्यवस्थेच्या आवृत्त्यांना वर्णानुक्रमे मिष्टान्नांची नावे देण्याचा जो परिपाठ २०१९ पर्यंत चालला, तो माझ्यासारख्या नोंदवहीच्या माणसास मनापासून आवडे. माझ्या वाट्यास प्रथम जेली बीन आली. तिच्या आधीच्या पुष्कळ यंत्रांवर मराठी मजकूर आला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत, ती आपत्ती मी केवळ इतरांच्या हातांत पाहिली. २०१४ च्या लॉलिपॉपपासून तर यंत्राच्या आज्ञाही मराठीत आल्या. त्याच सुमारास मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक मला कोणी दाखवला. त्यात ‘क’वर बोट ठेवताच त्याभोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमटते आणि बोट ज्या दिशेस सरकवावे ती मात्रा अक्षराला लागते. बाराखडी अशी वर्तुळाकार मांडण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी आपली भाषा केवळ वाचली नसून हातांनीही तपासली असली पाहिजे. त्या चक्रावर माझा अंगठा पुन्हा एकदा डोळ्यांच्या मदतीशिवाय लिहू लागला.

आता हे स्थलांतर. त्यासाठी ॲपलने २०१५ पासून एक ॲप दिलेले आहे. त्याची मुख्य अट अशी की, नवे यंत्र सर्वस्वी कोरे असावे. दोन्ही यंत्रे विजेला जोडून, शेजारी शेजारी ठेवून, कन्या म्हणाली, ‘बाबा, आता तासभर तुम्ही कशालाही हात लावू नका.’ छायाचित्रे गेली, संदेश गेले, आणि २०२२ पूर्वी जो अशक्य होता तो व्हॉट्सॲपचा सगळा पत्रव्यवहारही गेला. मी सवयीने रुजवात घेऊ लागलो, तेव्हा नावांची यादी वाचून स्वतःचीच कैफियत वाचल्यासारखे वाटले. ‘नलूवहिनी नवा’, ‘नलूवहिनी नवा नवा’, ‘प्लंबर (बोलावू नये)’ आणि ज्याचा मला काडीमात्र उलगडा होत नाही असा कोणी ‘पाटील टँकर अर्जंट’ ही सगळी मंडळी यथास्थित दाखल झाली होती. विकत घेतलेला एक शब्दकोश मात्र मागेच राहिला. त्या राज्यातील खरेदीखत या राज्यात चालत नाही, येथे पुन्हा मोल द्यावे लागते; आपण वस्तू विकत घेतली नव्हती, वापराचा परवाना घेतला होता, हे अशा वेळी कळते. त्या परवान्याची लांबलचक कबुलायत आपण न वाचताच मान्य केलेली असते. आमच्या कचेरीत कूळ अंगठा उठवी तेव्हा निदान त्याला मजकूर वाचून दाखवण्याची ताकीद होती.

येथवर दप्तराची गोष्ट झाली. खरी अडचण दुसऱ्या सकाळी सुरू झाली, आणि ती मागे फिरण्याची होती.

अँड्रॉइडमध्ये मागे जाण्याची सोय सर्व ॲपांना समाईक असते; माझ्या जुन्या यंत्रावर काचेच्या तळाशी एक त्रिकोण होता, त्याला स्पर्श केला की मनुष्य जेथून आला तेथे परत जाई. वर आलेला कळफलक त्यानेच मिटे, उघडलेली चौकट त्यानेच बंद होई. आयफोनमध्ये असे एक सार्वत्रिक द्वार नाही. कोठे डाव्या कडेवरून बोट आत ओढावे, कोठे वरच्या डाव्या कोपऱ्यातील बाण शोधावा, कोठे उजव्या कोपऱ्यात ‘पूर्ण’ म्हणावे, तर कोठे अख्खे पानच खाली सरकवून टाकावे, अशी त्या त्या जागेची रीत निराळी. यात दोष कोणाचा नाही, आणि या रीतीमागे विचारही आहे. पण माझा अंगठा दिवसभर काचेच्या तळाशी, जेथे काहीही नाही तेथे, जाऊन थांबे.

नोकरीत बांधावरच्या रस्त्यांची किती प्रकरणे माझ्या हातून गेली! १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये, वहिवाटीच्या रस्त्यास कोणी अडथळा केला असता तो दूर करण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. म्हणून अर्ज आला की स्थळपाहणीस साहेबांबरोबर मी जाई आणि पंचनामा लिही. अर्जदाराजवळ पुष्कळदा कागद नसे. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पुरावा म्हणून गाडीच सोडली. कासरा गाडीवर टाकून तो स्वतः खाली उतरला, आणि बैल नव्याने घातलेल्या काट्यांच्या कुंपणापाशी, जेथे पूर्वी रस्ता वळत असे नेमके तेथे, आपण होऊन वळून उभे राहिले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि मी ते शब्दशः पंचनाम्यात उतरवले. माझा अंगठा आता त्या बैलांचे काम करतो. फक्त अर्ज कोणाकडे करावा हे ठाऊक नाही.

इतर फरक किरकोळ आहेत, आणि काही सुखाचेही. कुलूपबंद काचेवरील घड्याळाचे आकडे देवनागरीत करता येतात. पहाटे ५:४० असे आपल्या अंकांत पाहिले की उठणे जरा कमी सक्तीचे वाटते. एखादे ॲप प्रथमच उघडताना, इतर ठिकाणी तुमचा माग काढण्याची इजाजत त्यास द्यावी काय, असे यंत्र कधी कधी स्वतःच विचारते. हा रिवाज २०२१ पासूनचा आहे, आणि मी प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणून अधिकाराचा किंचित आनंद घेतो. चार्जरचे मात्र हाल आहेत. कन्येकडून आलेले यंत्र २०२१ सालच्या मालिकेतील, त्यास लायटनिंग पिन लागते. ॲपलने २०२३ मध्ये ती सोडून सर्वांची यूएसबी-सी स्वीकारली, त्यामुळे आमच्या घरात या यंत्रापुरती एकच वायर आहे आणि ती हरवली की सर्वांची चौकशी होते. बँकेने तर मला ओळखण्याचेच नाकारले. खाते तेच, क्रमांक तोच, सिमकार्डही तेच. परंतु यंत्र बदलले की यूपीआयसाठी त्या सिमवरून पुन्हा संदेश जावा लागतो, व तो पोहोचून खातरी पटेपर्यंत खातेदार हा नवखा इसम गणला जातो. ही दक्षता योग्यच आहे. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात सादर करणाऱ्या पेन्शनराने तरी त्याबद्दल तक्रार करू नये.

माझ्या अंगठ्याला आता नव्या राज्याचे वळण लागू लागले आहे, असे मध्यंतरी वाटले. परंतु सौभाग्यवतींनी स्थलांतरास साफ नकार दिला असून त्या अँड्रॉइडवरच आहेत. मंडईत भाजीवाल्याचे पैसे देण्यास हातात पिशव्या असल्या म्हणजे त्या आपला फोन माझ्याकडे देतात, आणि मी डाव्या कडेवरून बोट ओढीत राहतो; घरी येऊन स्वतःचा उघडला की अंगठा पुन्हा तळाशी त्रिकोण शोधतो. परवा कोथिंबिरीच्या जुडीपायी एवढा वेळ गेला की मागच्या गिऱ्हाईकाने घसा खाकरला. सौभाग्यवतींनी पिशव्या माझ्या हातात दिल्या, फोन काढून घेतला, आणि पैसे देऊन झाल्यावर तो आपल्याच पर्समध्ये ठेवला.