भिंतीतली तार

पुण्यात मंडईच्या आसपास वाडे पाडून इमारती झाल्या, तेव्हा काही हौशी मंडळींनी गाण्यासाठी भिंतीतच स्पीकर बसवून घेतले. पुढे कॅसेट डेक गेला, सीडी प्लेअरही गेला. आता लोक मोबाइल दाखवून विचारतात, "हा जुन्या स्पीकरला जोडता येईल का?" बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं, म्हणूनच हे काम मला मनापासून आवडतं.

भिंतीतल्या स्पीकरला काही वॅट लागतात. मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून मिलिवॅट मिळतात. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर हवाच. तो शेजारच्या तपकीर गल्लीत मिळतो, पण खरेदीआधी भिंतीतून आलेली टोकं तपासावीत. मल्टिमीटरने सहाच्या आसपास ओहम दाखवले, तर स्पीकर बहुधा 8 ओहमचा. शून्य आलं तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर तार किंवा कॉइल तुटलेली. मग 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. मोठ्या स्पीकरचा कोन बाहेर सरकला, की सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस. दोहोंपैकी एका स्पीकरचं कनेक्शन उलटं झालं, तर आवाज दोन्हींतून येतो, पण खर्ज हरवतो. तानपुरा पोकळ वाटू लागतो.

खरा धोका वेगळाच. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी दोन्ही स्पीकरची मायनस एकाच तारेवर घेतलेली असते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ते चालून जायचं. आजच्या बऱ्याच छोट्या क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र मायनस टोकावरही सिग्नल असतो. दोन्ही स्पीकरची मायनस टोकं एकत्र आली, तर अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो किंवा जळतो. म्हणून दोन स्पीकरना चार स्वतंत्र तारा असल्याची खात्री करूनच मी वीज चालू करतो.

तारेची जाडीही पाहावी. चौदा-छत्तीसची, म्हणजे 36 गेजच्या चौदा तारांची बारीक वायर 10 मीटर लांब गेली, तर जाऊन-येऊन सुमारे 0.8 ओहम रोध होतो, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरच्या एक दशांश. चाळीस-छत्तीस वापरली तर तो 0.3 ओहमच्या आसपास राहतो.

प्लेअर बदलत राहतील. तार मात्र प्लास्टरखाली गेली, की सहज बदलता येत नाही. म्हणून नवं घर बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे: प्रत्येक स्पीकरला जाड तांब्याची स्वतंत्र जोडी पाइपातून ओढून घ्या, टोकांवर खुणा करा आणि प्लास्टरआधी फोटो काढून ठेवा. आणि जुन्या घरात भिंत फोडण्याआधी एकदा मल्टिमीटर लावून पाहा.